बंद घरांच्या किल्ल्या

४ सप्टेंबर, गुरुवार

ही डायरी लेकीनं मागच्या वर्षी पाठवली होती. तेव्हापासून कपाटात पडून होती, कारण माझ्या आयुष्यात लिहून ठेवण्यासारखं घडतं काय? पण आज दवाखान्यात सिस्टरनी दम दिला. "काकू, काकांचं वजन आणि ते किती पाणी पितात, रोज लिहायचं. नुसतं 'कमीच पितात हो' असं चालणार नाही." म्हणून ही सुरुवात.

वजन बासष्ट. मशीनवरून उतरल्यावर साठ. पाणी: सकाळी अर्धा पेला, गोळ्यांबरोबर दोन घोट, चहा अर्धा कप. चोरून प्यायले असतील ते वेगळं.

यांच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला आहे. सोमवारी आणि गुरुवारी रक्त मशीनमधून धुऊन घ्यावं लागतं. त्यातल्या त्यात नशीब एवढंच की दवाखाना आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. हे चालत जातात, चार तास पडून राहतात आणि चालत येतात. जन्मभर नळदुरुस्ती केली, या वसाहतीतल्या एकाही घराचा पाइप यांच्या पान्यातून सुटला नाही, आणि आता पाण्याचा घोट मोजून प्यायची पाळी आली. मला वाईट वाटतं. हे म्हणतात, "मीटर बसलाय मला, दुसरं काय."

७ सप्टेंबर, रविवार

वजन एकसष्ट. पाणी नियमात.

आज रविवार, म्हणून वसाहतीत माणसं दिसली. एरवी आमची वसाहत म्हणजे शहरानं बाहेर ठेवलेली झोपायची खोली. बस इथे वळते आणि परत जाते, पुढे नुसतं माळरान. सकाळी पहिल्या बसपासून जी पळापळ सुरू होते, ती ऊन वर येईपर्यंत सगळे ब्लॉक रिकामे करून थांबते. मग रस्त्यावर कुत्रीसुद्धा कंटाळून झोपतात. दिवसा उरतं कोण? आम्ही दोघं, कोपऱ्यावरचा बेकरीवाला, दवाखान्यातली माणसं, आणि रात्रपाळी करून आलेले, जे पडदे ओढून मेल्यासारखे झोपतात. दुपारी शाळेतून मुलं येतात, ती आधी माझ्याकडे.

कारण किल्ल्या माझ्याकडे असतात. सुरुवात यांच्यामुळेच झाली. कुणाचा नळ गळायचा, घरात दिवसा कुणी नसायचं, म्हणून लोक जाताना किल्ली देऊन जायचे. नळ दुरुस्त झाले तरी किल्ल्या राहिल्या. आता आमच्या दारामागची अख्खी भिंत खिळ्यांनी भरली आहे. कुणाचं सिलिंडर आलं, कुणाच्या म्हाताऱ्या बापाला दुपारी जेवायला वाढायचंय, कुणाचं मूल आलं, की मी किल्ली काढते. पोरं मला किल्लीकाकू म्हणतात. आमच्या स्वतःच्या घराला मात्र कुलूप कधी लागतच नाही. दोघांतलं एक कुणीतरी घरात असतंच.

खोटं कशाला बोलू, मला याचा अभिमान आहे. एवढ्या लोकांनी डोळे झाकून विश्वास टाकला असं किती जणींना म्हणता येईल?

१६ सप्टेंबर, मंगळवार

वजन एकसष्ट. पाणी नियमात, पण फ्रीजमधला बर्फ कमी झालाय. विचारलं तर म्हणतात, "उंदीर असतील."

आज एका बॅगवाल्याला असा पिटाळला की जन्मभर आठवण ठेवील. मधल्या ब्लॉकमध्ये चोरी झाली तेव्हापासून वसाहतीच्या सेक्रेटरींनी मला बजावून ठेवलंय, "काकू, बॅग घेऊन कुणी विचारपूस करायला आलं की एकच उत्तर. घर बंद आहे, कुणी राहत नाही." चोरीचं कारण आहेच. शिवाय सेक्रेटरींच्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये, जो कागदोपत्री रिकामा आहे, तिथे कोण कोण दाटीवाटीनं राहतं ते मला ठाऊक आहे. पण तोंड माझं आहे, किल्ली त्यांची. असे भाडेकरू ठेवलेले काही ते एकटेच नाहीत.

तर हा बॅगवाला भर दुपारी आला. गळ्यात कार्ड होतं, पण माझा चष्मा आत. घाम पुसत म्हणाला, "ताई, इतकी दारं वाजवली, एक उघडत नाही. इथं राहतं कोण?"

मी म्हटलं, "आम्ही दोघं म्हातारे. बाकी बंदच असतात."

"म्हणजे कायमची बंद?"

"कायमची."

"हे समोरचे चारही ब्लॉक?"

"समोरचे, मागचे, सगळे. लोक शहरात गेले निघून. इथं काय ठेवलंय?"

त्यानं पाणी मागितलं. दिलं. हे आतून बघत होते, पेला भरताना नळाकडे. तो गेल्यावर मला म्हणाले, "अगं, कशासाठी आला होता ते तरी विचारायचंस."

"मी कशाला विचारू? चोराला का कुणी विचारतं कशासाठी आलास?"

"चोर पाणी पिऊन पेला विसळून ठेवत नाही," म्हणाले. यांचं हे नेहमीचंच, सगळ्या जगात चांगुलपणा दिसतो.

संध्याकाळी सेक्रेटरींना सांगितलं. खूश झाले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

वजन लिहायला विसरले.

दवाखान्याच्या दारावर कागद लावलाय. तेरा तारखेनंतर दवाखाना बंद. मशीन शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवणार. सिस्टर रडवेल्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "काकू, मध्ये डोकी मोजून गेले ना, त्यात तुमची वसाहत जवळजवळ ओसाड निघाली. माणसंच नाहीत तिथं दवाखाना कशाला, असं वरून आलंय."

ओसाड! अंगाची नुसती लाही लाही झाली. सकाळी बसला उभं राहायला जागा नसते आणि आम्ही ओसाड? कुठल्या शहाण्यानं जाऊन सांगितलं असेल असं? भेटला तर त्याला बसथांब्यावर उभा करीन आणि म्हणेन, मोज आता. घरी येईपर्यंत मी हेच बोलत होते. हे नुसते माझ्याकडे बघत राहिले. आज मशीननं फार थकवलं असेल.

रुग्णालय शहराच्या पार पलीकडे आहे. दोन बस बदलायच्या. यांना आता बेकरीपर्यंत गेलं तरी दम लागतो.

५ ऑक्टोबर, रविवार

वजन एकसष्ट.

सेक्रेटरींच्या गच्चीवर बैठक झाली. इतकी माणसं जमली की खुर्च्या पुरेनात, आणि विषय काय, तर इथं माणसं नाहीत.

लाँड्रीत काम करणारी आमच्या वरची बाई म्हणाली, "मी सकाळी सहाला जाते, आठला येते. मला कोण मोजणार, माझी उशी?" सगळे हसले. मागच्या ब्लॉकमधला, गॅरेजात कामाला जाणारा म्हणाला, "आपण सगळे भुतं आहोत भुतं, रात्रीच दिसतो." पुन्हा हसले. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "कुणाकडे आला होता का मोजणीवाला?" कुणाकडेच नाही. कुणी घरीच नव्हतं.

सेक्रेटरी सगळ्यांत शेवटी उठले. मग म्हणाले, "अर्ज करू. पण फार जोर नको करायला. उगाच घरोघर तपासणी लागायची." त्यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी चिडून म्हटलं, "तुम्हाला काय, तुमच्या किडन्या जागेवर आहेत!" लाँड्रीवालीनं माझा हात धरला.

शेवटी ठरलं, अर्ज घेऊन मी जायचं. दिवसा मोकळी मीच ना. हे किल्ल्या सांभाळतील.

८ ऑक्टोबर, बुधवार

कुणाला सांगणार नाही ते इथे लिहिते.

कार्यालयात गेले. लांबच लांब खोली, टेबलांच्या रांगा, आणि तिसऱ्या टेबलावर तोच बॅगवाला. मला बघून उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी अर्ज पुढे केला आणि तावातावानं म्हटलं, "कुणी सांगितलं तुम्हाला आमच्याकडे कुणी राहत नाही म्हणून?"

तो गोंधळला. म्हणाला, "ताई, तुम्हीच सांगितलंत ना."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"मी तुमचं एकटीचं ऐकून लिहिलं नाही," तो म्हणाला, "तीनदा येऊन गेलो. दर वेळी कुलपंच. पण तुमच्याकडे किल्ल्या दिसल्या भिंतीवर. मला वाटलं, मालकांनी घरं सोडून किल्ल्या तुमच्या हवाली केल्यात."

माझ्या किल्ल्या. त्याला त्या बंद पडलेल्या घरांच्या वाटल्या.

त्यानं साहेबांकडे नेलं. पुन्हा मोजायला साहेब तयार झाले, चोवीस तारखेला, पण कार्यालयाच्या वेळेतच. दार उघडं पाहिजे, माणूस डोळ्यांना दिसलं पाहिजे.

परतीच्या बसमध्ये सगळी वसाहत होती, एकेक ओळखीचा चेहरा. "काय म्हणाले काकू?" सगळे विचारत होते. मी म्हटलं, "मोजतील पुन्हा." यांनाही तेवढंच सांगितलं. जीव गेला तरी बाकीचं यांना सांगणार नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

वजन त्रेसष्ट, मशीननंतर साठ.

पहिल्यांदा शहरातल्या रुग्णालयात गेलो. इथे चार तासांचं काम, तिथे दिवस गेला. पहिल्या बसमध्ये एकानं जागा दिली, दुसऱ्या बसमध्ये हे दांडीला लटकून. तिथे मशीन वर, लिफ्ट बंद, नंबर लागायला दुपार झाली. यांनी तक्रारीचा शब्द काढला नाही. जिन्यावर बसले तेव्हा मात्र माझा पदर धरून बसले, लहान मुलासारखे.

अंधार पडताना परत आलो तर आमच्या दारात लाँड्रीवालीची मुलगी आणि आणखी तीन मुलं दप्तरं घेऊन बसलेली. दार नुसतं ओढलेलं होतं, पण काकूशिवाय किल्लीला हात लावायचा नाही हे मीच शिकवलेलं, म्हणून दुपारपासून उपाशी. गॅरेजवाल्याच्या बापाला दिवसभर कुणी जेवायला वाढलं नव्हतं. सगळे म्हणाले, "असू दे काकू, तुम्ही तरी काय करणार." पण गॅरेजवाला जरा तुटक बोलला.

झोपताना हे म्हणाले, "सोमवारपासून मी एकटा जातो. तू इथं राहा."

"एकटे? वेड लागलंय का?"

"अगं, जागा मिळते बसमध्ये. माझ्याकडे बघूनच उठतात लोक. तू गेलीस तर इथं पोरं उघड्यावर पडतात."

मी नको म्हटलं. पण फार जोरानं म्हटलं नाही, हेही लिहिते.

२० ऑक्टोबर, सोमवार

वजन एकसष्ट (यांनीच काट्यावर उभं राहून वाचलं, माझे गुडघे वाकत नाहीत).

हे एकटे गेले आणि दुपारच्या चहाला परतसुद्धा आले! म्हणाले, "आज नंबर पटकन लागला." मला बरं वाटलं. माणूस सवयीनं शिकतो. चपला काढताना त्रास होत होता, पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठले होते. एवढ्या प्रवासानं पाय सुजणारच.

चोवीस तारखेसाठी घरोघर फिरले. एक दिवस घरी राहा म्हणून हात जोडले. गॅरेजवाला म्हणाला, मालक सोडत नाही. लाँड्रीवाली म्हणाली, मागच्याच आठवड्यात मुलीला ताप आला तेव्हा सुट्टी झाली. रात्रपाळीवाल्यानं डोळे चोळत सांगितलं, "मी असतोच ना घरी." पण त्याच्या दारावर तोफ डागली तरी तो उठत नाही. कुणावर रागवू? सगळ्यांचं खरंच होतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

वजन एकसष्ट. पाणी: नियमात, असं हे म्हणतात.

आजही हे लवकर आले. जेवले नाहीत. रात्री दोन उशा घेऊन बसूनच झोपले, आडवं झालं की धाप लागते म्हणाले. थंडी सुरू होतेय. छातीला चोळायला तेल गरम करून दिलं.

उद्या मोजणी. लोक कामावर जाणारच. पण मला एक युक्ती सुचली आहे. यांना सांगितली तर म्हणाले, "विचारून कर." विचारलं तर नाही म्हणतील, मग विचारून उपयोग काय?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

मी सगळी दारं उघडली.

सकाळची शेवटची बस गेल्यावर भिंतीवरून किल्ल्या काढल्या, ओच्यात भरल्या आणि ब्लॉकमागून ब्लॉक कुलपं काढत गेले. खिडक्या उघडल्या, दिवे लावले, रेडिओ लावले. ओले कपडे बादल्यांत होते ते दोऱ्यांवर वाळत टाकले. वसाहत अशी गजबजली की बेकरीवाला बाहेर येऊन बघायला लागला. हे पायरीवर बसले होते, बुटांचे बंद मोकळे सोडून.

बॅगवाला आणि साहेब आले. मी त्यांना घराघरात नेलं. "हे बघा, कप अजून ओला आहे. माणूस राहिल्याशिवाय कप ओला होतो का? हा टूथब्रश बघा. ही चार माणसांची अंथरुणं."

साहेब मला समजावल्यासारखं म्हणाले, "बाई, कप मोजता येत नाही मला."

मग मी डोकं गहाण ठेवलं. सेक्रेटरींचा दुसरा फ्लॅट उघडला. आत आठ माणसं जमिनीवर एकाला एक लागून झोपलेली, शीतगृहात रात्रपाळी करणारी. धडपडून उठली. एकानं हात जोडले, "साहेब, उद्याच जागा सोडतो." मी म्हटलं, "सोडता कशाला? तुम्ही माणसं आहात. साहेब, मोजा यांना."

साहेबांनी विचारलं, "इथं यांची नोंद कुठे आहे?"

कुठेच नव्हती. बॅगवाला खाली मान घालून उभा होता. जाताना हळूच म्हणाला, "चूक आमची आहे ताई. अशा ठिकाणी संध्याकाळी यायला हवं. मी तसं लिहून देतो वर." साहेबांनी हो म्हटलं, पण परवानगी यायला वेळ लागेल म्हणाले.

वेळ. सगळ्यांकडे वेळ आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज एकेक करून सगळे आले आणि किल्ल्या घेऊन गेले.

सेक्रेटरी आधी. दारातूनच बोलले. "तुमच्या भरवशावर घरं टाकली होती आम्ही. परक्या माणसांना आमच्या मोरीपर्यंत फिरवलंत." मी म्हटलं, मशीनसाठी केलं. ते म्हणाले, "तुमच्या मशीनसाठी." तेवढा एक शब्द जरा दाबून.

मग गॅरेजवाला. मग बाकीचे. कुणी भांडलं नाही. "मुलगा आता मोठा झालाय, त्याच्याकडेच ठेवतो किल्ली," असंच काहीबाही. लाँड्रीवाली सगळ्यांत शेवटी आली, रडत होती. "नवरा ऐकत नाही हो काकू," म्हणाली. मी तिची किल्ली खिळ्यावरून काढून तिच्या हातात ठेवली.

मला वाटलं होतं मी चिडेन. चिडले नाही. भिंतीकडे बघत बसले. खिळे राहिलेत आणि प्रत्येक खिळ्याखाली किल्लीनं घासलेला काळा डाग. मला लाज वाटतेय, आणि एकटं वाटतंय, आणि दोन्ही सांगायला यांच्याशिवाय कुणी नाही. यांना तरी काय सांगू, हे सगळं ऐकत होते आतून.

"आता मोकळी झाले," मी म्हटलं. "सोमवारी मी येते तुमच्याबरोबर."

"नको," म्हणाले. "एवढा एक सोमवार मी एकटा जातो." का, ते सांगितलं नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

मी उठायच्या आत हे निघून गेले होते. दुपारी आले. ओठ निळसर दिसले. काट्यावर उभेच राहिले नाहीत. "कालचंच लिही," म्हणाले. मी तेच लिहिलं, एकसष्ट.

१ नोव्हेंबर, शनिवार. रुग्णालय

गुरुवारी पहाटे यांना श्वासच घेता येईना. बेकरीवाल्यानं पावाच्या गाडीतून आणलं, कारण रुग्णवाहिका आमच्या वसाहतीकडे पाठवायची म्हणजे आधी शहर ओलांडायचं. तिथे काट्यावर घेतलं. बहात्तर.

डॉक्टर तरुण होती. तिनं मला बाजूला घेतलं. "आजी, हे सोळा तारखेनंतर मशीनवर आलेलेच नाहीत. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला काय माहीत होतं? मी घरात होते. किल्ल्यांपाशी.

आज थोडे शुद्धीवर आले. मी विचारलं, "कुठे जायचात मग?"

"थांब्यावर," म्हणाले. एकेका शब्दाला थांबत. "बस यायची. पायरी चढवायची नाही. मग बसून राहायचो. दुपारी यायचो घरी. शेवटच्या सोमवारी म्हटलं, तू बरोबर यायच्या आत एकदा तरी चढून बघावं, तेही नाही जमलं."

"कुणी बघितलं नाही तुम्हाला?"

"दिवसा कोण असतं तिथं?" आणि हसले. खरंच हसले.

मी रडत म्हटलं, "मला सांगायचंत. किल्ल्या टाकून आले असते मी."

"म्हणून तर," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तेवढंच होतं तुझं."

मग मी सगळं सांगून टाकलं, बॅगवाल्याला मीच कसं म्हटलं ते. त्यांनी डोळे मिटूनच हात हलवला. "मी होतो ना आत. माहितीये." इतके दिवस यांना माहीत होतं. दवाखान्याच्या दारावर कागद बघितला त्या दिवसापासून, आणि मी तावातावानं त्या शहाण्याला शिव्या देत घरापर्यंत आले होते.

पाणी मागितलं. सिस्टरनं कापूस ओला करून ओठांना लावला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हे गेले. परवा.

लेक फोनवर म्हणाली, "आई, माझ्याकडे ये." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी वसाहत कामावरून आली आणि सरळ आमच्या दाराशी आली. जिन्यापासून रस्त्यापर्यंत माणसं. मोजणीवाला तेव्हा हवा होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज संध्याकाळी मोजणी झाली. परवानगी आली.

दुपारी सेक्रेटरी येऊन गेले. उभेच होते. म्हणाले, "काकू, तुम्ही बरोबर चला. कुठल्या घरात कोण, तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही." त्या आठ जणांची नोंद करून घेतलीय म्हणाले. मला जायचं नव्हतं. मग वाटलं, घरात बसून तरी काय करणार आहे.

निघताना दाराशी अडकले. घर उघडं टाकून जायचं का? आत कुणी नाही. कुलूप शोधायला लागले तर सापडेना. एवढ्या वर्षांत लागलंच नव्हतं, रुग्णालयात धावलो तेव्हाही नाही. शेवटी यांच्या हत्यारांच्या पेटीत एक जुनं मिळालं, पाना आणि नळाच्या चकत्यांच्या खाली, तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं. लावलं. किल्ली कुठे ठेवायची ते कळेना. हातातच धरली.

बॅगवाला एकटाच आला होता. त्यानं मान तेवढी झुकवली. आम्ही पहिल्या ब्लॉकपासून सुरुवात केली. सगळी दारं उघडी, सगळे दिवे लागलेले, जो तो आपल्या उंबऱ्यात उभा. मी सांगत गेले. इथे पाच जण, एक रात्रपाळीला निघालाय, थांबवा त्याला. इथे आजोबा आत आहेत, ऐकू येत नाही, जवळ जाऊन बोला. इथे तीन होते, आता चार, बाळ झालंय. तो लिहीत गेला. लाँड्रीवालीच्या मुलीनं स्वतःकडे बोट दाखवून विचारलं, "मला धरलंय ना?" गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "भुतं मोजा, भुतं!" आणि मग त्याला इतरांनी गप्प केलं.

शेवटच्या ब्लॉकपर्यंत येता येता त्याचे कागद संपत आले. म्हणाला, "भरपूर झाली ताई. दवाखान्याला लागतात त्याच्या वर गेली. आता मशीन परत द्यावी लागतील त्यांना." मागून येणाऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी चष्मा पुसला.

राहिलं एकच दार. आमचं. त्याच्यावर कुलूप. जिन्यातला दिवा गेलेला, त्याला खाली बघून लिहायची सवय, दिवसभराचा थकलेला. वर न बघताच त्यानं विचारलं, "हे बंद आहे?"

मागे सगळी वसाहत उभी होती.

"नाही," मी म्हटलं. "इथं राहतात."

त्यानं वर बघितलं. मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या किल्लीकडे. हातातले कागद चाळून मागच्या वेळचा काढला. त्यावर आमचं घर होतंच, अख्ख्या वसाहतीत तेवढं एक. पुढे दोन लिहिलेलं.

"एक करा," मी म्हटलं, आणि कुलूप काढायला लागले. जुनं होतं, पटकन निघेना.